समोरची काच टिचली तर: टवके, तडे आणि दुरुस्तीची भाषा

रस्त्यावर नुकतीच बारीक खडी पसरलेली असते किंवा पुढे गिट्टीने शिगोशीग भरलेला डंपर चाललेला असतो. टक्‌ असा आवाज येतो आणि समोरच्या काचेवर दोन-तीन मिलिमीटरचा पांढुरका ठिपका उमटतो. गाडी थांबवून बघावं इतकं काही झालेलं नाही, असं म्हणून बहुतेक जण पुढे निघतात. मग एखाद्या दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत एसी पूर्ण जोरात लावला जातो किंवा चाक खड्ड्यात आपटतं, आणि त्या ठिपक्यातून निघालेली रेघ बघता बघता काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. अर्ध्या-पाऊण तासाच्या कामात वाचली असती ती काच आता पूर्ण बदलावी लागते.

याच्या उलटही घडतं. साधा टवका घेऊन गेलेल्या माणसाला काउंटरवरच सांगितलं जातं, "काच बदलावी लागेल, विम्यात होऊन जाईल." दुरुस्त होण्याजोगी काच उतरवली जाते, कारखान्यात बसवलेला मूळ जोड कापला जातो आणि विम्याचा बोनसही जातो.

या दोन्ही नुकसानींचं मूळ एकच आहे. काचेला नेमकं काय झालंय, हे गाडीच्या मालकाला सांगता येत नाही. प्रकार ओळखता आला, मोजमाप घेता आलं आणि चार नेमके प्रश्न विचारता आले, की निर्णय आपल्या हातात राहतो. त्यासाठी हा लेख.

काच एक नाही, दोन आहेत

कारची समोरची काच लॅमिनेटेड असते. काचेचे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल, म्हणजे पीव्हीबी नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचा पडदा, अशी तिची रचना असते. हा पडदा साधारण 0.76 मिलिमीटर जाडीचा असतो. काच फुटली तरी तुकडे त्याला चिकटून राहतात, म्हणून ते अंगावर येत नाहीत. या कल्पनेचा उगम 1903 सालचा. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेडिक्टस यांच्या प्रयोगशाळेत एक काचपात्र खाली पडलं, तडकलं, पण विखुरलं नाही. आतल्या द्रावणाचा वाळलेला सेल्युलोज नायट्रेटचा थर तुकड्यांना धरून राहिला होता. त्यावरून त्यांनी सुरक्षित काच तयार केली आणि 1909 मध्ये पेटंट घेतलं.

बाजूच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. त्या फुटल्या की त्यांचे बोथट कडांचे बारीक दाणे होतात. त्यांची दुरुस्ती होत नाही. त्या बदलाव्याच लागतात. काच कोणती आहे, ते तिच्या खालच्या कोपऱ्यातल्या छापावर दिसतं. भारतात विकल्या जाणाऱ्या काचेवर आयएसआय चिन्ह आणि आयएस 2553 हा मानक क्रमांक पाहावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 100 नुसार समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार जायला हवा.

आता मुद्द्याची गोष्ट. दगड बसतो तेव्हा सहसा बाहेरचा थरच फुटतो. मधला पडदा आणि आतला थर शाबूत असतो. दुरुस्ती म्हणजे बाहेरच्या थरात तयार झालेल्या पोकळीत रेझिन, म्हणजे नंतर कडक होणारा पारदर्शक द्रव, भरणं. आतला थर फुटला असेल किंवा पडदा फाटला असेल, तर दुरुस्तीचा विचार तिथेच संपतो.

नुकसानीचे प्रकार

पिट, म्हणजे साधा टवका. बाहेरच्या थराचा इवलासा तुकडा उडालेला असतो, पण खाली चीर नसते. बोटाला खळगा लागतो. हा सगळ्यांत सौम्य प्रकार. तरी पुढचा दगड त्याच जागी बसला तर तिथून चीर निघू शकते, म्हणून तो भरून घेतलेला बरा.

बुल्सआय. दगड बसला त्या जागेभोवती काचेच्या आत शंकूच्या आकाराची पोकळी तयार होते आणि वरून ती काळसर गोल चकतीसारखी दिसते. पोकळी मोकळी असल्याने रेझिन तिच्यात सहज पोचतं. दुरुस्तीला सगळ्यांत सोपा प्रकार हाच.

हाफ-मून, म्हणजे अर्धचंद्र. हा अपुरा बुल्सआय. चकती पूर्ण गोल नसून एका बाजूला अर्धवट असते. दुरुस्तीची पद्धत तीच.

स्टार. मधल्या बिंदूपासून चारी बाजूंना बारीक चिरा फुटलेल्या असतात. या चिरांना कारागीर लेग्ज किंवा पाय म्हणतात. पाय अतिशय अरुंद असतात आणि रेझिन त्यांच्या टोकापर्यंत पोचवायला कौशल्य लागतं. पोचलं नाही तर तडा त्याच टोकापासून पुढे सरकतो. म्हणून स्टार दिसला की दिरंगाई नको.

कॉम्बिनेशन. मध्ये बुल्सआय आणि त्यातून निघालेले पाय, असं दोन्ही एकत्र. मोठ्या किंवा टोकदार खड्याने हा प्रकार होतो. मधला भाग चुरडलेला असेल तर दुरुस्तीनंतरही डाग बराच दिसत राहतो.

एज क्रॅक. काचेच्या कडेपासून किंवा कडेच्या दोन इंचांच्या आतून निघालेला तडा. कडेला काचेवर आधीच ताण असतो, त्यामुळे हा तडा झपाट्याने लांब होतो. बहुतेक ठिकाणी तो दुरुस्तीसाठी घेत नाहीत.

फ्लोटर. कडेपासून दोन इंचांहून आत, काचेच्या मधल्या भागात सुरू झालेला तडा. लांबी कमी असताना गाठला तर थांबवता येतो.

स्ट्रेस क्रॅक. यात दगडाचा मारा झालेलाच नसतो. गाडी रात्री नीट उभी केलेली असते आणि सकाळी कडेपासून आत आलेली रेघ दिसते. तापमानातला मोठा फरक, वाकलेली किंवा गंजलेली फ्रेम, काच बसवताना राहिलेला ताण, ही त्याची कारणं. ओळखायचं असेल तर तड्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत बॉलपेनचं टोक हलकेच फिरवा. कुठेच खळगा लागला नाही, तर तो स्ट्रेस क्रॅक असण्याची शक्यता मोठी. हे ओळखणं पैशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचं आहे. गाडी नवी असेल तर दगडाने फुटलेली काच वॉरंटीत बसत नाही. मात्र जिथे मारा लागल्याची खूणच नाही, तिथे वॉरंटीची मागणी करता येते. अशा वेळी फोटो काढून लेखी तक्रार द्या, तोंडी नकारावर थांबू नका.

काही नुकसान हळूहळू होतं. कोरड्या धुळीवर वायपर फिरवल्याने कमानीसारखे ओरखडे पडतात. वर्षानुवर्षं महामार्गावर धावणाऱ्या गाडीच्या काचेवर वाळूच्या माऱ्याने हजारो सूक्ष्म खळगे पडतात. यालाच सँडब्लास्टिंग म्हणतात. दिवसा ते जाणवत नाहीत, पण रात्री समोरून हेडलाइट आला की सगळी काच चमकते आणि रस्ता दिसेनासा होतो. तिसरा प्रकार डीलॅमिनेशनचा. कडेला दुधाळ पट्टा किंवा बुडबुडे दिसू लागले, की मधला पडदा काचेपासून सुटतोय असं समजावं. हलके ओरखडे पॉलिश करता येतात. खोल ओरखडा घासून काढायला गेलं तर तिथली काच पातळ होते आणि त्यातून दृश्य वेडंवाकडं दिसतं, म्हणून चालकाच्या नजरेसमोर तो प्रयोग करू नये. खूप सँडब्लास्टिंग किंवा डीलॅमिनेशन झालं असेल तर काच बदलणं हाच उपाय.

मोजमाप घ्या

पट्टी हाताशी नसेल तरी चालेल. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर, म्हणजे एका इंचाहून किंचित जास्त. पाचशेच्या नव्या नोटेची लांबी 150 मिलिमीटर, म्हणजे जवळपास सहा इंच. टवका नाण्याखाली झाकला जातोय का आणि तडा नोटेपेक्षा लांब आहे का, एवढं पाहिलं तरी पुरेसा अंदाज येतो. नाणं शेजारी धरून फोटो काढा. पुढे विम्यालाही तो उपयोगी पडतो.

मग गाडीत बसा आणि आतून त्याच जागी अलगद बोट फिरवा. आतला पृष्ठभाग गुळगुळीत हवा. खरखर लागली किंवा डॅशबोर्डवर काचेची भुकटी दिसली, तर आतला थरही गेलाय. कोकणात माडाखाली उभ्या केलेल्या गाडीवर नारळ पडतो किंवा मराठवाड्यात मोठी गारपीट होते, तेव्हा असं नुकसान होतं. अशी काच दुरुस्तीच्या पलीकडची असते.

शेवटी जागा पाहा. नुकसान चालकाच्या नजरेच्या थेट रेषेत आहे का, काळ्या किनारीला भिडलंय का, आरशामागच्या कॅमेऱ्यासमोर आहे का?

दुरुस्त करायची की बदलायची?

अमेरिकेत या कामासाठी रोलॅग्ज नावाचं मानक आहे. त्यानुसार बुल्सआय आणि अर्धचंद्र एक इंच व्यासापर्यंत, कॉम्बिनेशनचे पाय सोडून मधला भाग दोन इंचांपर्यंत, स्टार तीन इंचांपर्यंत आणि तडा चौदा इंचांपर्यंत दुरुस्त करता येतो. या कमाल मर्यादा आहेत. सहा इंचांपुढचा तडा घ्यायला अनेक कारागीर तयार नसतात आणि ती सावधगिरी योग्यच आहे.

जागेचा विचार ब्रिटनच्या वार्षिक वाहन तपासणीत नेमका केलेला आहे. तिथे स्टीअरिंगच्या मध्याला धरून 290 मिलिमीटर रुंदीचा उभा पट्टा चालकाच्या मुख्य नजरेचा मानतात. वायपर फिरतो त्या भागात, या पट्ट्यात 10 मिलिमीटरपेक्षा मोठं आणि उरलेल्या जागेत 40 मिलिमीटरपेक्षा मोठं नुकसान असेल, तर गाडी नापास होते. हा नियम आपल्याकडे लागू नाही, पण त्यामागचा विचार आपल्यालाही पटण्यासारखा आहे. उत्तम दुरुस्तीनंतरही काचेत पुसटसा डाग राहतो. तो डावीकडच्या कोपऱ्यात चालतो. पण नेमका नजरेसमोर राहिला, तर रात्रीच्या पावसात समोरच्या दिव्याचा झोत त्याच डागावर पसरतो.

थोडक्यात सांगायचं तर आतला थर फुटला, तडा कडेला भिडला, नुकसान नजरेच्या थेट रेषेत मोठं आहे, कॅमेऱ्यासमोर आहे, किंवा तड्यात बरेच दिवस धूळ-पाणी मुरलंय, यातलं काहीही असेल तर काच बदला. बाकी बहुतेक टवके दुरुस्त होतात. व्यावसायिक वाहनधारकांनी हेही ध्यानात ठेवावं की फिटनेस तपासणीच्या वेळी समोरची काचही पाहिली जाते.

पहिल्या तासात काय करावं

टवका उडाल्यावर पहिलं काम म्हणजे तो कोरडा आणि स्वच्छ ठेवणं. गाडी सुरक्षित जागी थांबवा, काच कोरड्या कापडाने हलकेच टिपा आणि टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावा. चालकाच्या नजरेसमोर येत असेल तर तो लहानच ठेवा. धूळ आणि ओल आत गेली नाही, तर रेझिन काचेला नीट धरतं.

टवक्यात फेव्हिक्विक, नेलपॉलिश किंवा टूथपेस्ट भरू नका. झटपट चिकटणारा डिंक पोकळीच्या तोंडाशीच घट्ट होतो, ठिसूळ राहतो, पिवळा पडतो आणि खऱ्या रेझिनची वाट कायमची बंद करतो. काच धुऊ नका, प्रेशरचं पाणी तर मुळीच मारू नका. विदर्भाच्या उन्हाळ्यात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतणं किंवा एसीचा झोत थेट काचेवर सोडणं म्हणजे तड्याला आमंत्रण. काचेचा एक भाग अचानक आकसतो, शेजारचा तापलेला भाग आकसत नाही आणि त्या ओढाताणीत चीर पुढे सरकते. पावसाळ्यात डीफॉगरची गरम हवा पूर्ण जोरात सोडली तरी हाच परिणाम होतो. आधी खिडक्या उघडून गाडी निववा, मग एसी लावा आणि झोत पायांकडे ठेवा. दारं आपटू नका, गतिरोधकावरून सावकाश जा.

चालत्या गाडीत अख्खी काच तडकून जाळी झाली, तर घाबरून करकचून ब्रेक दाबू नका. लॅमिनेटेड काच जागेवरच राहते. हॅझर्ड लाइट लावा, वेग हळूहळू कमी करत डाव्या कडेला या आणि काचेला आतून हात लावू नका.

दुरुस्ती चालते कशी

दुकानात वापरले जाणारे शब्द कळले तर काम नीट होतंय की नाही हे उभ्या उभ्या समजतं.

आधी सुईने टवक्यातला भुगा काढतात. ओल असेल तर काच मंद गरम करून ती सुकवतात. पोकळीचं तोंड बंद असेल तर बारीक ड्रिलने ते उघडतात. ड्रिल बाहेरच्या थरातच थांबायला हवं, मधल्या पडद्याला लागता कामा नये. मग काचेवर व्हॅक्यूम कपने ब्रिज बसवतात. ब्रिज म्हणजे इंजेक्टर धरून ठेवणारी चौकट. इंजेक्टर आधी पोकळीतली हवा ओढून घेतो आणि मग दाबाने रेझिन आत ढकलतो. व्हॅक्यूम आणि प्रेशर आलटून पालटून देतात, म्हणजे पायांच्या टोकातले बुडबुडेही निघून जातात.

तडा चमकतो तो त्यातल्या हवेमुळे. काचेचा अपवर्तनांक साधारण 1.52, हवेचा 1. त्यामुळे दोन्हींच्या सीमेवर प्रकाश परावर्तित होतो. रेझिनचा अपवर्तनांक काचेच्या जवळपास ठेवलेला असतो, म्हणून ते भरलं की चीर दिसेनाशी होते. रेझिनही एकच नसतं. चिरांसाठी पातळ, तर वरचा खळगा भरायला दाट पिट रेझिन वापरतात. त्यावर पारदर्शक फिल्मचा तुकडा ठेवून यूव्ही दिवा धरतात. अतिनील किरणांनी रेझिन कडक होतं. या टप्प्याला क्युअरिंग म्हणतात. उन्हातही हे किरण असतात, म्हणून काम सावलीत करायला हवं. भर उन्हात उभ्या गाडीवर रेझिन भरायला घेतलं तर ते टोकापर्यंत पोचण्याआधीच घट्ट होऊ लागतं. शेवटी जादाचं रेझिन पात्याने खरवडून पॉलिश करतात.

पैसे देण्याआधी पाहा. पायांच्या टोकाशी चमक उरली आहे का, आत बुडबुडा आहे का, वरून नख फिरवल्यावर अडतं का? यातलं काही असेल तर ते तिथेच दाखवून द्या. तडा पुढे सरकला तर पैसे परत मिळतील की नव्या काचेच्या बिलातून वळते होतील, हे पावतीवर लिहून घ्या.

घरी वापरायचे किट बाजारात मिळतात. छोटा पिट किंवा बुल्सआय असेल तर सूचना नीट पाळून वापरायला हरकत नाही. पण ही संधी एकदाच मिळते. अर्धवट भरलेलं रेझिन एकदा कडक झालं, की ते बाहेर काढून पुन्हा चांगलं काम करणं अनुभवी कारागिरालाही जवळपास अशक्य असतं. स्टार आणि कॉम्बिनेशनला घरी हात लावू नये.

काच बदलावी लागली तर

समोरची काच फक्त वारा अडवत नाही. आजच्या गाड्यांत ती बॉडीला युरेथेन नावाच्या चिकट पदार्थाने बसवलेली असते आणि गाडी उलटली तर छताला आधार देते. अनेक गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना याच काचेवर टेकते. काच नीट चिकटलेली नसेल तर एअरबॅग तिला बाहेर ढकलते आणि प्रवाशाला वाचवू शकत नाही. म्हणून काच कुठल्या पदार्थाने बसवणार, हे विचारायलाच हवं. उत्तर "सिलिकॉन" असेल तर तिथून निघा. वाहनाच्या काचेसाठी बनवलेलं पॉलियुरेथेन आणि त्याचं प्रायमर, हेच मागा.

जुनी काच तारेने किंवा सुरीने कापून काढताना फ्रेमच्या रंगावर चरे पडू शकतात. तिथे प्रायमर लावला नाही तर गंज धरतो. कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत तर तो फार लवकर पसरतो. मग पाणी गळू लागतं आणि काचेचा जोड सुटतो. काच बसण्याआधी फ्रेम एकदा स्वतः पाहा.

सेफ ड्राइव्ह-अवे टाइम म्हणजे युरेथेन पुरेसं घट्ट होऊन गाडी चालवणं सुरक्षित होईपर्यंतचा काळ. तो त्या त्या युरेथेनवर आणि हवामानावर अवलंबून असतो. नेमका किती, हे विचारा आणि घाई करू नका. पहिले एक-दोन दिवस काचेवरच्या पट्ट्या काढू नका, गाडी धुऊ नका, एक खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि दारं हळू लावा. बंद गाडीचं दार आपटलं की आतल्या हवेचा दाब ओल्या जोडावर येतो.

नवी काच तुमच्या व्हेरिएंटचीच हवी. रेन सेन्सर, आवाज कमी करणारी अकॉस्टिक काच, वरचा रंगीत पट्टा, कॅमेऱ्याचा ब्रॅकेट, यातलं जुन्या काचेवर काय होतं ते आधी लिहून घ्या. महिंद्रा एक्सयूव्ही 700 सारख्या गाड्यांच्या एडास, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा, असलेल्या व्हेरिएंटमध्ये आरशामागे कॅमेरा असतो. लेन ओळखणं, समोरचं वाहन पाहून आपोआप ब्रेक लावणं, यात त्याचा वाटा असतो. काच बदलली की त्याचं कॅलिब्रेशन करून घ्यावं लागतं. कॅमेऱ्याचा कोन किंचित बदलला तरी दूरच्या वाहनाचा अंदाज चुकतो. कॅलिब्रेशन झाल्याची नोंद बिलावर मागा.

काचेबरोबर तिच्यावरचे स्टिकरही जातात. फास्टॅग सोलून दुसऱ्या काचेवर लावता येत नाही. ज्या बँकेने तो दिला, तिच्याकडून त्याच गाडीसाठी बदली टॅग घ्या. नाहीतर पुढच्याच टोलनाक्यावर जादा पैसे जातात. पेट्रोल-सीएनजीसाठी फिकट निळा आणि डिझेलसाठी केशरी, असा नंबरप्लेटबरोबर मिळणारा स्टिकरही नव्याने घ्यावा लागतो.

विम्याचं गणित

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या काचेची भरपाई मिळत नाही. त्यासाठी ओन डॅमेज विमा हवा. त्यात काचेच्या भागांवर घसारा धरत नाहीत. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर मात्र 50 टक्के धरतात. शिवाय अनिवार्य वजावट असते: 1500 सीसीपर्यंतच्या कारला 1,000 रुपये, त्यापुढच्या कारला 2,000 रुपये. टवक्याच्या दुरुस्तीचा खर्च अनेकदा या वजावटीच्या आसपासच असतो, म्हणून तो खिशातून दिलेला बरा.

मोठा प्रश्न नो क्लेम बोनसचा. दावा न करता पहिलं वर्ष गेलं की 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षानंतर 50 टक्के सूट ओन डॅमेज हप्त्यावर मिळते. एक दावा केला की ती शून्यावर येते. समजा तुमचा ओन डॅमेज हप्ता 10,000 रुपये आहे आणि बोनस 50 टक्क्यांवर पोचलाय. दावा केल्यावर पहिल्या नूतनीकरणात 5,000 रुपये जास्त जातील, नंतरच्या वर्षांत 3,000, 2,500, 1,500 आणि 500. हप्ता तोच राहिला असं धरलं तर पाच वर्षांत एकूण 12,500 रुपये. काचेची भरपाई 8,000 रुपये मिळणार असेल, तर हा दावा तोट्याचा आहे. ती 25,000 असेल तर फायद्याचा. बोनस सुरक्षित ठेवणारं पूरक कवच तुम्ही घेतलं असेल, किंवा काचेच्या दाव्याने बोनस जात नाही अशी तरतूद तुमच्या पॉलिसीत असेल, तर हिशेब बदलतो. म्हणून आधी पॉलिसी वाचा.

दावा करायचं ठरलं तर काच उतरवण्याआधी कंपनीला कळवा. सर्व्हेअरने पाहणी केल्याशिवाय किंवा फोटो पाहून मंजुरी दिल्याशिवाय काम सुरू करू नका. आधी काच बदलून मग बिल पाठवलं, तर दावा नाकारला जाण्याचा धोका असतो.

टवका उडूच नये म्हणून

हवेत उडालेला दगड काचेवर किती जोराने बसतो, हे तुमच्या वेगावर ठरतं. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. ताशी 60 ला जो खडा नुसता टवका उडवेल, तोच समृद्धी महामार्गावर 120 ला मोठा तडा पाडू शकतो. पुढच्या वाहनापासून तीन सेकंदांचं अंतर ठेवा. ताशी 80 च्या वेगाला ते सुमारे 67 मीटर होतं. डंपर, वाळूची गाडी किंवा दोन चाकांच्या सापटीत अडकलेला दगड दिसणारा ट्रक पुढे असेल तर ते दुप्पट करा. खंबाटकी, कशेडी किंवा आंबा घाटात रस्त्याचं काम चालू असेल तिथे ओव्हरटेकची घाई करू नका.

पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, वायपरचं रबर तपासा आणि कडक झालं असेल तर बदला. कोरड्या काचेवर वायपर चालवू नका. आधी पाणी मारा. आठवड्यातून एकदा काच पुसताना सगळा पृष्ठभाग तिरप्या उजेडात पाहा. नवा टवका त्याच वेळी सापडतो.

आणि टवका सापडला की कारागिराकडे जाताना हे प्रश्न बरोबर घेऊन जा. नुकसान कुठल्या प्रकारचं आहे आणि आतला थर शाबूत आहे का? दुरुस्ती होणार नसेल तर नेमकं कारण काय? रेझिन कुठलं, युरेथेन कुठलं? कॅलिब्रेशन लागेल का? हमी लेखी मिळेल का? जो कारागीर ही उत्तरं काचेवर बोट ठेवून देतो, त्याच्याकडे काम सोपवा. जो प्रश्न टाळून थेट बिलाकडे वळतो, त्याच्याकडून गाडी परत घ्या. तुमच्या गाडीच्या काचेवर आत्ता एखादा ठिपका असेल, तर आजच त्यावर चिकटपट्टी लावा आणि या आठवड्यात तो दाखवून या.